शेंदराखालची खूण

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक टॅक्सीवाला राहतो. परवा तो पायरीवर डोकं धरून बसला होता. गाडी थरथरते म्हणाला. दोन गॅरेजवाल्यांनी चाकं बदलली, इंजिन उघडून पुन्हा बंद केलं, पण थरथर काही जाईना. मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. थरथर वेगाबरोबर वाढते, की चढावर ओझं आलं की वाढते? वेगात असताना गिअर काढून गाडी नुसती सोडून दिली तरी राहते का? आणि जास्त कुठं लागते, हाताला की बुडाखाली? तो म्हणाला, वेगाबरोबर वाढते, गिअर काढला तरी राहते, आणि लागते ती बुडाखाली. मी म्हटलं, मग इंजिनाच्या वाटेला जाऊ नकोस. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा जो लांब दांडा गाडीच्या पोटाखालून जातो, तो अलीकडे कोणी काढला होता का ते विचार. काढला असेल तर त्याचा सांधा पुन्हा होता तसाच बसवलाय का बघ.

काल त्यानं येऊन माझे पाय धरले. सांधा अर्धा फेरा फिरवून बसवला होता म्हणे.

"आजोबा, तुम्ही मोटारीचं काम कधी शिकलात?"

मी नुसता हसलो. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं की म्हाताऱ्याच्या हातात जादू आहे. मी कोणाला काही सांगितलं नाही. खरं असं आहे की ते तीन प्रश्न माझे नाहीत. ते माझ्या मावसभावाचे. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी हाताच्या गुणाबद्दल कोणी माझं कौतुक केलं की मला तोच आठवतो आणि माझ्या पोटात दुखायला लागतं.

तो माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी धाकटा. एवढं एक वय सोडलं तर बाकी सगळ्यात तो माझ्या पुढे. गावी आमची घरं कुंपणाला कुंपण लावून होती, त्यामुळे माझी आई त्याच्याकडे बोट दाखवूनच मला वाढवत होती. मला खाडीत पोहायला शिकायला दोन उन्हाळे लागले, नाकातोंडात पाणी गेलं ते वेगळंच. हा काठावर बसून बघत असायचा. एक दिवस उठला, पाण्यात उतरला आणि पलीकडे गेला. परत आल्यावर मला म्हणाला, "दादा, तुझा बघूनच शिकलंय." तो हे मनापासून म्हणायचा, हीच तर पंचाईत. चिडायलासुद्धा जागा ठेवायचा नाही.

मी त्याच्या आधी केली अशी एकच गोष्ट, ती म्हणजे मुंबई. प्लेगच्या आधीची ती वर्षं. परळच्या एका गिरणीत विणाईखात्यात मी यंत्रांना तेल पाजणारा तेलवाला म्हणून लागलो आणि दोन वर्षांत शाफ्टाच्या फिटरांत गेलो. तो बोटीतून उतरला तेव्हा मी धक्क्यावर पायात बूट घालून उभा होतो. बूट शेजाऱ्याचे होते, पण त्याला काय ठाऊक. लालबागला आम्ही गावचे आठजण एका खोलीत राहायचो, तिथं त्याची वळकटी माझ्या वळकटीशेजारी टाकली. फिटरखात्यात मीच त्याच्यासाठी शब्द टाकला. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे चालत होतो आणि तो मागून येत होता. ते सुख मला फार तर दीड महिना मिळालं.

शाफ्ट म्हणजे काय ते त्याला मीच सांगितलं. खात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोक्यावर, आडवा गेलेला गोल लोखंडी दांडा तो शाफ्ट. इंजिनघरातून जाड दोरांवरून जोर येतो आणि शाफ्ट फिरतो. त्याच्यावर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून चामड्याचा पट्टा खाली मागावर उतरलेला. एवढा लांब दांडा काही अखंड नसतो, तो तुकड्यांचा असतो. दोन तुकडे जुळतात तिथं कपलिंग. म्हणजे दोन्ही टोकांना एकेक लोखंडी ताट, ताटं समोरासमोर, आणि सहा बोल्टांनी आवळलेली. शाफ्ट ज्यात टेकून फिरतो ते बेरिंग, त्याच्या आतली पितळेची वाटी ती ब्रास, आणि बेरिंग ज्याला टांगलेलं तो हँगर. मी शिडीवर उभा राहून हे सगळं मोठ्या ऐटीत सांगत होतो आणि तो खाली तेलाचा डबा धरून एकेक शब्द पुटपुटत होता.

महिन्याभरात मला माहीत नसलेल्या गोष्टी त्याला कळायला लागल्या.

एका मागवाल्याचा माग उड्या मारत होता. मी दोन दिवस त्याच्या वरच्या बेरिंगात डोकं घालून बसलो. ब्रास काढली, घासली, तेल पाजलं. तिसऱ्या दिवशी हा सहज आला, हँगरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून काहीतरी मोजत राहिला. मग म्हणाला, "दादा, हो ठोको शाफ्टाचो नाय. शाफ्टाचो असतो तर प्रत्येक फेऱ्याक लागलो असतो. हो मधी मधी येता. पट्ट्याचो आसा." पट्टा थांबवून बघितलं तर चामड्याचा जोड जाड शिवलेला. तो जोड पुलीवर आला की धक्का बसायचा. त्यानं जोड पातळ करून नव्यानं शिवला आणि माग मांजरासारखा गप्प झाला. तेव्हापासून कुठं काही थरथरलं की मागवाले ओरडायचे, "त्या धाकट्याक बोलवा रे!" मी शेजारी हातात पाना घेऊन उभा असलो तरी.

त्याची म्हणून एक पद्धत होती. आधी विचारायचा, वेगानं वाढते की ओझ्यानं. मग पट्टे उतरवायला लावून शाफ्ट मोकळा फिरवायचा आणि बघायचा, अजून राहते का. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेका हँगरला हात लावत जायचा, जास्त कुठं लागते ते शोधत. यात कसलीही जादू नव्हती. मलाही ते जमलं असतं. पण मला आधी उत्तर हवं असायचं आणि मग प्रश्न.

मी जळत होतो, ते स्पष्टच सांगतो. त्याच्या हाताचा मला राग यायचा, म्हणजे अगदी हाताच्या पंज्याचा. झोपेत त्याचा हात माझ्या वळकटीवर आला तरी मी तो ढकलून द्यायचो. खानावळ चालवणारी काकी वाढायला यायची तेव्हा बांगड्याची मधली तुकडी हमखास त्याच्या ताटात आणि शेपूट माझ्या. "पोरगो वाळलो हा गो," असं कोणाला तरी ऐकवत ती त्याला वाढायची. मीही वाळलो होतो. माझ्याकडे कोण बघतो!

त्या वर्षी आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचे डोळे गेले आणि दिवाळीनंतर तो गावी जाणार असं ठरलं. शाफ्टाच्या मिस्त्रीला गिरणीमागच्या चाळीत स्वतंत्र खोली मिळायची. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि बायकोबरोबर मी राहिलो होतो ते बोटांवर मोजण्याइतके दिवस. आठ पुरुषांच्या खोलीत तिला आणणार कुठं? तिची पत्रं दुसऱ्याच्या हातची लिहिलेली यायची आणि प्रत्येक पत्रात शेवटी एकच ओळ, मुंबईस कधी नेणार. ती खोली मला हवी होती. भावाचं लग्न झालेलं नव्हतं, त्याला खोली घेऊन करायचं होतं काय? पण इंजिनीअर पडला पारशी बावाजी, कामाचा भोक्ता. त्याला कोणाची बायको कुठं आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. मिस्त्री आम्हा दोघांतलाच एक होणार हे खात्याला कळलं होतं, आणि तो एक कोण, हेही खातं ठरवून बसलं होतं.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला गिरणी बंद असायची. वर्षातून तेवढेच दोन दिवस शाफ्ट सलग थांबायचा, त्यामुळे मोठी कामं तेव्हाच उरकायची. त्या वर्षी मधल्या तुकड्यावरची एक झिजलेली पुली बदलायची होती. अखंड पुली बदलायची तर ती शाफ्टाच्या टोकावरून सरकवून काढावी लागते, म्हणजे कपलिंग उघडणं आलं. मिस्त्रीनं ते काम माझ्याकडे दिलं आणि मदतीला भाऊ.

कपलिंग उघडायची एक शिस्त असते. दोन्ही ताटांच्या कडेवर छिन्नीनं एकेक खाच मारलेली असते. जोडताना खाचेसमोर खाच यायलाच हवी. बोल्टांची भोकं सहा, म्हणजे ताट सहा तऱ्हांनी बसतं, पण खरं बसतं ते एकाच तऱ्हेनं. कारखान्यात ती दोन ताटं जोडीनं घासून एकमेकांच्या अंगाची केलेली असतात. एक भोक इकडेतिकडे झालं की शाफ्ट सांध्यापाशी केसभर वाकतो. उभ्या शाफ्टाला हा केसभर दिसत नाही. फिरायला लागला की दिसतो.

सकाळी आम्ही कपलिंग उघडलं, जुनी पुली काढली, नवी चढवली. तेवढ्यात पूजेची वेळ झाली. आमच्या खात्यात एक रीत होती. बाकी गिरणीत मागांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा व्हायच्या, पण शाफ्टावर शेंदूर चढायचा तो कपलिंगांवर. लाइनीचा जीव सांध्यात असतो असं म्हातारा मिस्त्री म्हणायचा. तेलात कालवलेला शेंदूर तो स्वतःच्या हातानं ताटांवर थापायचा, मागच्या वर्षीच्या थरावर या वर्षीचा. आणि तो पुसायचा नाही. शाफ्ट सुरू झाला की उडेल तेवढा उडेल. पहिल्या दिवशी केशरी थेंब मागवाल्यांच्या अंगावर पडायचे आणि ते कपाळाला लावून घ्यायचे. कापडावर पडले की विणाईचा मुकादम, म्हणजे जॉबर, बोंबलायचा, पण त्याच्याच कपाळावर दोन थेंब असायचे.

त्या दिवशी उघडी पडलेली दोन्ही ताटं मिस्त्रीच्या पुढ्यात आली. त्याला धड दिसत नव्हतं, म्हणून त्यानं शेंदूर सढळ हातानं लावला. आतल्या अंगाला नाही, पण कडा पार बुजल्या. नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघं जोडणीला शिडीवर चढलो.

खाच दिसत नव्हती. पूजेचा ओला शेंदूर अंगठ्यानं पुसायचा म्हणजे पाप, असं माझ्या मनात आलं. आणि खाली मिस्त्री खांबाला टेकून बसलेला. मी ताट फिरवलं, अंदाजानं भोकासमोर भोक आणलं आणि बोल्ट घातले. पाच गेले. सहावा अडला. दोन टोले घातले तेव्हा गेला.

तो अडला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. भाऊ शिडीच्या दुसऱ्या बाजूला पाना घेऊन उभा होता. त्यानं त्या बोल्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, खूण बघलंस मां?"

खाली दोन तेलवाले, मिस्त्री आणि पूजेचं आवरणारे चारपाच मागवाले होते. सगळ्यांनी वर पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला शाफ्ट कशाशी खातात हे माहीत नव्हतं, तो मला चारचौघांत खूण विचारतो!

"बघलंय," मी म्हटलं. "माका शिकवतंस? तुका शाफ्ट कोणी दाखवलो?"

"तूच," तो म्हणाला, आणि त्यानं मुकाट्यानं बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, इंजिन सुरू झालं आणि खातं थरथरायला लागलं. गॅसच्या दिव्यांच्या काचा किणकिणत होत्या. वाशांवर वर्षभर साचलेला कापसाचा धुरळा खाली येत होता. मागांवर धागे तुटत होते. मागवाल्यांचं पोट कापडाच्या वारावर, त्यांनी पहिल्याच दिवशी शिव्यांचा पट्टा सोडला. संध्याकाळपर्यंत मधल्या बेरिंगमधलं तेल काळं पडलं आणि ब्रासला हात लावता येईना.

बावाजी आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "अरे, हे काय लफडा आहे? सगला खाता नाचते! दोघे मिलून शोधा. आठवडा देतो."

आता कोणी म्हणेल, तुला तर ठाऊक होतं. नव्हतं, आणि होतं. मनाच्या मागच्या खोलीत तो सहावा बोल्ट अडून बसलेला होता आणि मी त्या खोलीचं दार घट्ट लावून घेतलं होतं. मी म्हटलं, नवी पुली एका बाजूला जड आहे. पट्टे उतरवून शाफ्ट मोकळा थांबू दिला की जड बाजू खाली येऊन थांबते, असं मी सगळ्यांना समजावलं. तीनदा थांबवला. दोनदा एक बाजू खाली आली, एकदा दुसरी. दोनदा आली ना, मग झालं तर! मी पुलीच्या दुसऱ्या बाजूला लोखंडाचा एक तुकडा बोल्टानं बसवून घेतला. थरथर वाढली. मागवाल्यांत कोणीतरी म्हणालं, करायला गेला गणपती आणि झाला मारुती. हसू सगळ्या खात्याला आलं. भाऊ तेवढा हसला नाही.

तो त्याच्या पद्धतीनं चालला होता. सगळे पट्टे उतरवून शाफ्ट मोकळा फिरवला. थरथर राहिली, म्हणजे मागांचा आणि पट्ट्यांचा दोष नाही. मधल्या सुट्टीत इंजिन हळू होत थांबतं तेव्हा हँगरवर हात ठेवून उभा राहिला. वेग उतरला तशी थरथर उतरली. मग माझा लोखंडाचा तुकडा काढून ठेवला, मला विचारून. आणि चौथ्या दिवशी त्यानं खडू घेतला.

ही गोष्ट मी त्याच्याआधी कोणाला करताना पाहिली नव्हती. शिडीवर एक फळी घट्ट बांधली, खडूचा हात फळीवर टेकवला आणि फिरत्या शाफ्टाजवळ खडू सावकाश नेला, पार कडेच्या पुलीपाशी. खडू टेकताच सगळीकडून सारखी पांढरी रेघ उठली, म्हणजे तिथं शाफ्ट सरळ. मग पुढच्या हँगरपाशी. मग त्याच्या पुढच्या. एकेक करत कपलिंगापाशी आला. शाफ्ट थांबवल्यावर बघितलं तर तिथं रेघ पुरी नव्हती. एकाच बाजूला बोटभर पांढरा ओरखडा, बाकी शाफ्ट कोरा. शाफ्ट कपलिंगापाशी वाकलेला होता आणि त्याची फुगलेली बाजू खडूनं दाखवली होती.

मी खाली शिडी धरून उभा होतो. मला तो ओरखडा दिसला. तो वर बराच वेळ बसला, कपलिंगाकडे तोंड करून. त्याची पाठ मला दिसत होती, हात दिसत नव्हते. मग खाली उतरला, खडू खिशात टाकला, माझ्याकडे बघितलं नाही आणि सरळ इंजिनीअरच्या खोलीकडे गेला.

काचेतून मला दोघं दिसत होते. भाऊ बोलत होता, बावाजी मान हलवत होता. मग बावाजीनं काचेतून माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि भावानं मान डोलावली. चोराच्या मनात चांदणं. झालं, सांगितलं यानं, मी स्वतःशी म्हटलं. आता खोली गेली. नोकरीही गेली. बायकोच्या पत्रातली ती ओळ अशीच येत राहणार, आणि काकी मधली तुकडी मिस्त्रीच्या ताटात वाढणार. भाऊ दारातून बाहेर पडला तसा मी आत शिरलो. कोणी बोलावलं नव्हतं.

"सायब," मी म्हटलं, "कपलिंग चुकीचं जोडलंय. बोल्ट भावानं आवळले. मी पुलीकडे बघत होतो."

यातलं प्रत्येक वाक्य वेगळं काढलं तर खोटं फक्त शेवटचं आहे. बावाजीनं भावाला परत आत बोलावलं. मी तिथंच उभा होतो.

"कपलिंगचे बोल्ट तू आवलले?"

"होय, सायब."

"खूण बघितली होती?"

भाऊ माझ्याकडे वळला नाही. "मी नाय बघलंय, सायब."

तेही खरं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता म्हणेल, मी दादाला विचारलं होतं, खाली सातआठ साक्षीदार होते. बावाजीनं त्याला शाफ्टावरून काढलं आणि बॉयलरवर कोळसा ओढायला पाठवलं. त्या संध्याकाळी त्यानं लालबागच्या खोलीतली वळकटी उचलली. बॉयलरवाल्यांच्या खोलीत जवळ पडेल म्हणाला. मी म्हटलं, बरं.

रविवारी बावाजीच्या देखत मी कपलिंग उघडलं. या वेळी शेंदूर पुसायला मी चिंधी बरोबर घेतली होती. ताटाची कड पुसायला गेलो आणि हात थांबला. सगळ्या कडेवर शेंदराचा थर तसाच होता, वाळून टणक झालेला. फक्त खाचेपाशी तो नखानं उकरून काढलेला होता. खाच स्वच्छ, आत लोखंड चमकत होतं. दुसऱ्या ताटावर बघितलं. तिथंही. दोन खाचा एकमेकींपासून एक भोक दूर होत्या.

म्हणजे शिडीवर पाठ करून बसला होता तेव्हा त्यानं हे पाहिलं होतं. मी चिंधीनं कडा भराभर पुसून टाकल्या, बावाजीला दिसायच्या आत. खाचेसमोर खाच आणली. सहाही बोल्ट बोटानं सरकले. सोमवारी शाफ्ट असा फिरला की काचा गप्प. मागवाले माझ्या पाठीवर थापा मारून गेले.

दिवाळीनंतर बावाजीनं खोलीची किल्ली दिली. किल्ली माझ्या हातावर ठेवता ठेवता म्हणाला, "तुझा भाऊ चमत्कारिक मानूस हां. त्या दिवशी येऊन मला काय सांगते, सायब, माझ्या हाताला लागत नाही, दादाला रविवारी कपलिंग उघडायला द्या, तो नीट करेल. वरती सांगते, मिस्त्री त्यालाच करा, त्याची बायको गावी आहे. मी तुझ्याकडे बोट करून विचारला, हाच काय? तर मान हलवते. आनि चूक तर साला त्याचीच निघाली! मला वाटला, स्वतःची लपवायला तुला पुढे करते."

मी किल्ली घेतली. "होय, सायब," म्हटलं. इतकंच म्हटलं.

लोकांना वाटेल, त्या दिवशी माझा मत्सर संपला असेल. उलट खरा मत्सर तिथून सुरू झाला. हाताचा गुण माझ्याजवळ नव्हता तर नव्हता, तो देव देतो. पण हे जे त्यानं केलं ते मला सुचलंही नसतं, आणि सुचतं तर मी केलं नसतं. हेही यालाच जमावं? मला वाईट वाटायला हवं होतं तिथं मी चडफडत होतो. बॉयलरखात्यात जाऊन त्याचे पाय धरावेत असं रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी काम निघायचं. महिन्याभरात तो गिरणी सोडून रे रोडच्या बाजूला एका लाकडाच्या वखारीत गेला. तिथं वाफेची करवत होती. वर्षाच्या आत तिथला मिस्त्री झाला, हे कळलं तेव्हासुद्धा माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

मिस्त्री झाल्यावर मी एक नियम केला. खंडेनवमीला कपलिंग उघडलं असो वा नसो, पूजा झाली की मी स्वतः शिडीवर चढून खाचांवरचा शेंदूर पुसायचो. लोक मला पाखंडी म्हणत. म्हातारा मिस्त्री असता तर त्यानं मला खाली ओढलं असतं. मी तेवढी एक जागा पुसायचो आणि बाकी शेंदूर तसाच ठेवायचो.

बायको आली. खोलीच्या मागच्या भिंतीला गिरणी लागून होती, दिवसभर भिंतीतून बारीक हादरा यायचा. तिला पहिले चार दिवस झोप येईना. मग सवय झाली. पण तिनं एक धोशा लावला, भावजींना जेवायला बोलवा. ज्यांनी लग्नात माझं गाठोडं डोक्यावर वाहिलं ते मुंबईत असून घरी कसे येत नाहीत? मी आज उद्या करत राहिलो. शेवटी तिनं गावच्या कोणाकडून तरी परस्पर निरोप धाडला.

तो आला, वखारीच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. त्या दिवशी गिरणी चालू होती आणि मी पाळी बदलून घरी होतो. अंगणात हातपाय धुतले, वहिनीच्या पाया पडला, पाटावर बसला. बसता बसता त्याचा हात सवयीनं मागच्या भिंतीवर गेला. तळहात टेकवला, डोळे मिटले. बायको चुलीपाशी होती, तिला काही कळलं नाही. तेवढ्या वेळात मी सगळं बोलायचं ठरवलं होतं. वाक्यं तयार होती.

त्यानं हात काढला. "आता बरोबर चलता हा, दादा," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून खूश झाला.

मी ती वाक्यं तशीच ठेवली आणि पाट पुढे ओढला. बायकोनं ताटं मांडली. बांगड्याचं तिखलं, तिखट कालवण, केलं होतं. पाहुणा म्हणून तिनं मधली तुकडी त्याच्या ताटात वाढली आणि शेपूट माझ्या. "भावजी, पोटभर जेवा," म्हणाली. आणि देवाशपथ सांगतो, त्या खोलीत, त्याच्यासमोर, सगळं ठाऊक असताना माझी नजर त्या तुकडीवर गेली आणि पोटात तेच जुनं दुखणं उठलं.

त्यानं ते बघितलं. जेवायला सुरुवात करायच्या आधी त्यानं ती तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवली.

"तुका ही आवडता. खा."

मी ती खाल्ली.